फिलिप पीटर, हॅरॉल्ड जेकब आणि बंद पडलेलं स्टेशन

खैबर खिंडीतलं लंडी खाना हे रेल्वे स्टेशन इंग्रजांनी १९२६ साली उघडलं आणि १९३२च्या डिसेंबरात बंदही करून टाकलं. सहा-साडेसहा वर्षांचं आयुष्य. गावातल्या लोकांनाही ते कधी होतं याचा विसर पडावा इतकं जुनं प्रकरण. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १३ ऑगस्ट १९७२च्या सकाळी, तीन तरुण अलीकडच्या लंडी कोटल गावात चहा पिऊन झाल्यावर सहज विचारावं तसं विचारते झाले, की लंडी खानाला जायला इथून काय मिळेल?

तिघेही भारतीय हवाई दलाचे वैमानिक होते. आदल्या रात्री रावळपिंडीच्या कोठडीची भिंत फोडून ते निघाले होते आणि अफगाणिस्तानची हद्द आता चार-पाच मैलांवर होती. दिलीप पारुळकर, मल्विंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. या तिघांची गोष्ट सांगायचीच आहे, पण शत्रूच्या हाती सापडलेल्या वैमानिकांचे किस्से एकदा सुरू झाले की ते एका गावात थांबत नाहीत. तेव्हा मध्ये मध्ये फाटे फुटतील, सांभाळून घ्या.

बारा कैदी, एक केक

१९७१च्या डिसेंबरातल्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले बारा वैमानिक रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाच्या कोठड्यांत येऊन पडले. सर्वांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो. बाकी कामत, जाफा, चाटी, तेजवंत सिंग, पेठिया, कुरुविला, मुल्ला-फिरोज अशी सगळी भारतभरची हजेरी. कुणाचा पाठीचा कणा दुखावलेला, कुणाचे पाय प्लास्टरमध्ये. पारुळकर सुखोई-७ घेऊन गेले होते. १० डिसेंबरला जफरवालजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं.

पहिले काही दिवस एकांतकोठडी आणि चौकशी. मग २५ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद नावाचे पाकिस्तानी अधिकारी नाताळचा केक घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. युद्ध थांबून जेमतेम आठवडा उलटला होता. हमीद यांच्याकडे या छावणीची जबाबदारी होती आणि कैद्यांनी पुढे त्यांच्याविषयी नेहमी आदरानंच सांगितलं. हे नाव ध्यानात ठेवा. या गृहस्थांचं खरं काम पुढे आहे.

मन्सूर अली नापास झाले

याच बारांतले जे. एल. भार्गव यांचा किस्सा स्वतंत्र नोंद करण्याजोगा. त्यांचं विमान मरुत, म्हणजे बंगळुरात बनलेलं. ५ डिसेंबरला ते सिंधच्या वाळवंटात उतरले ते पॅराशूटनं. डोकं शाबूत होतं. जी-सूट झुडपात दडवला, घड्याळ अर्धा तास मागे करून पाकिस्तानी वेळेवर लावलं, खिशात पाकिस्तानी नोटा होत्याच. गावकरी भेटले तेव्हा आपण पाकिस्तानी हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट मन्सूर अली, असं बेधडक ठोकून दिलं. क्रिकेटवेड्या माणसाला खोटं नाव सुचावं तर असंच सुचणार, असा आपला माझा अंदाज.

लोकांनी पाणी दिलं, चौकश्या केल्या, आणि बराच वेळ हे नाटक चाललंही. शेवटी पाकिस्तानी रेंजर्स आले आणि त्यांनी कागदपत्र वगैरे काही मागितलं नाही. कलमा म्हणून दाखवा, एवढंच म्हणाले. इथे घोड्यानं पेंड खाल्ली.

कैदेचा पगार

युद्धकैद्याला पगार मिळतो हे ऐकून अनेकांच्या भुवया वर जातात. पण १९४९च्या जिनिव्हा करारातल्या साठाव्या कलमात चक्क दरपत्रक आहे. साध्या शिपायाला महिन्याला ८ स्विस फ्रँक, सार्जंटला १२, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला ५०, मेजर ते कर्नलपर्यंत ६० आणि जनरलला ७५. पकडणाऱ्या देशानं ही रक्कम आगाऊ द्यायची. म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट पारुळकर ५०च्या श्रेणीत आणि विंग कमांडर कोएल्हो ६०च्या. हुद्दा तुरुंगातही सुटत नाही.

त्याच करारातली आणखी गंमत म्हणजे पळून जाण्याचा प्रयत्न हा गुन्हा मानलेलाच नाही. सापडलात तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त तीस दिवस. पळण्यासाठी साधे कपडे घातले किंवा खोटी कागदपत्रं केली, तरी कुणाच्या जिवाला धक्का लागला नसेल तर तेवढंच. हा कायदा लिहिणाऱ्यांना सैनिक या प्राण्याचा स्वभाव पुरता ठाऊक असावा.

सुई, दुधाचा डबा आणि उलटी फिरकी

रावळपिंडीतल्या मंडळींनी पळण्याचं सामान जमवलं ते बघण्यासारखं होतं. शिवणाची सुई चुंबकाच्या गुणाची करून होकायंत्र. जी-सूटमधल्या रबरी पिशवीत पाणी. खाण्यासाठी घट्ट दुधाचा डबा आणि थोडा सुका मेवा. भत्त्यातून साठवलेले पाकिस्तानी रुपये. भिंत फोडायला कात्री, सुरी, काटा, स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे अर्धं टेबल आणि अर्धी हत्यारपेटी. निघालेला चुना-विटांचा भुगा टाकायचा कुठे? रेड क्रॉसकडून आलेल्या पार्सलांच्या खोक्यांत, आणि खोकी पलंगाखाली.

रेड क्रॉसची पार्सलं नसती तर जगातली निम्मी पलायनं झाली नसती, असं माझं मत बनत चाललं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या सागान इथल्या छावणीत, स्टालाग लुफ्ट ३ मध्ये, ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांनी जमिनीखाली सुमारे नऊ मीटर खोल बोगदा खणला. त्यात हवा खेळती ठेवायला पाइप कुठला? दूध पावडरीचे रिकामे डबे एकाला एक जोडून केलेला. दिवे? त्याच डब्यांत सूपवरून काढलेली चरबी आणि पायजम्याच्या नाडीची वात. छप्पर कोसळू नये म्हणून टेकू लावले ते पलंगांच्या फळ्यांचे. रात्री झोपणाऱ्यांचं काय झालं असेल ते झालं असेल. खालची वाळू पिवळी आणि वरची माती करडी, म्हणून ती वाळू पायजम्यात लपवलेल्या लांब पिशव्यांत भरून मैदानात फिरता फिरता थोडी थोडी सांडायची. ते फेंगडं चालणं पाहून त्या कैद्यांना ‘पेंग्विन’ म्हणत.

लंडनमध्ये तर या उद्योगासाठी एक सरकारी खातंच होतं, एमआय-९. ते वैमानिकांना रेशमी कापडावर छापलेले नकाशे देत. कागद खुळखुळतो, रेशीम खुळखुळत नाही. गणवेशाच्या बटणात होकायंत्र बसवत. जर्मनांना बटणाचं गुपित कळलं तेव्हा बटणाची फिरकी उलटी केली. उघडायला जावं तर ते अधिकच घट्ट बसायचं.

सिनेमा सुटला होता

तर १२ ऑगस्ट १९७२, शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी रविवार, तिसऱ्या दिवशी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. पहारेकऱ्यांनाही सुट्टीचे वेध लागलेले. सिमला करारावर सह्या होऊन सहा आठवडे होत आले होते, पण कैद्यांना घरी कधी सोडणार ते कुणी सांगत नव्हतं. भारतात तर त्या वेळी ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. त्या हिशेबात या बारा माणसांचा नंबर कधी लागायचा?

त्या रात्री वादळ आलं. धूळ, मग पाऊस. पाच नंबरच्या कोठडीच्या मागच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून तिघे सरपटत बाहेर आले, कुंपणाची भिंत ओलांडली आणि रस्त्याला लागले. रस्त्यावर माणसंच माणसं! उशिराचा खेळ संपून प्रेक्षक घरी निघाले होते. तिघे त्या गर्दीत मिसळून गेले. इतकी सोय कुठल्याही पटकथाकारानं केली असती तर आपण त्याला हसलो असतो.

मग बसस्टँड, पेशावरची बस आणि रात्रभरचा प्रवास. भारत पूर्वेला असताना ही मंडळी पश्चिमेला का निघाली? कारण पूर्वेची हद्द दोन्ही सैन्यांनी आणि सुरुंगांनी भरलेली होती. अफगाणिस्तानकडे भारतीय वैमानिक पळेल हे कुणाच्या मनात येणार नव्हतं. पकडलंच तर सांगायची नावंही तयार होती. पारुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब आणि ग्रेवाल झाले अली अमीर. दोन ख्रिस्ती नावं घेण्यामागे भार्गवांच्या कलम्याची आठवण असणार, असं मानायला हरकत नाही.

पेशावरहून टांगा, मग जमरूद, मग खिंडीतून वर लंडी कोटल. याच वाटेनं खैबर रेल्वे जायची. ३४ बोगदे आणि ९२ पूल असलेला हा लोहमार्ग पेशावरच्या विमानतळाची धावपट्टी ओलांडायचा, आणि गाडी पुढे सोडायला विमानतळाच्या मनोऱ्याची परवानगी लागायची. तीन वैमानिकांना एरवी हे बघायला फार आवडलं असतं.

कारकुनाची शंका आणि एक फोन

नकाशात लंडी कोटलच्या पुढे हद्दीजवळचं शेवटचं स्टेशन लंडी खाना असं होतं. म्हणून तिथवर गाडीनं जायचं आणि मग पायी डोंगर ओलांडायचा, असा बेत. नकाशा खोटा नव्हता, शिळा होता. प्रश्न कानावर पडताच तहसील कचेरीतल्या एका कारकुनाचे कान टवकारले. जे स्टेशन चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, ते या परक्यांना कुठून माहीत?

त्याला मात्र हे भारतीय आहेत असं स्वप्नातही वाटलं नाही. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते. हे तसलेच बंगाली, असं ठरवून त्यानं त्यांना तहसीलदारापुढे उभं केलं. तिघे सांगत राहिले की आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे, लाहोरला असतो, रजेवर फिरायला आलो. कुणाला पटेना. हा टोळीवाल्यांचा मुलूख, इथे संशयितांचं काय होईल याचा भरवसा नव्हता.

तेव्हा पारुळकरांना सुचलं ते सुचायला थंड डोकंच पाहिजे. ते म्हणाले, हवाई दल प्रमुखांच्या एडीसींना फोन लावा, ते आम्हाला ओळखतात. हे एडीसी म्हणजे केकवाले उस्मान हमीद. ते आता बदलून तिथे गेले होते. फोनवर आवाज ऐकताच हमीद यांना काय झालं ते कळून चुकलं. त्यांनी तहसीलदाराला सांगितलं की होय, ही माझीच माणसं आहेत, त्यांना कोंडून ठेवा, पण मारहाण करू नका.

शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्यानं ‘माझी माणसं’ म्हटल्यामुळे तिघे वाचले, आणि त्याच वाक्यानं त्यांचं पलायनही संपलं. दोन्ही कामं एकाच फोनमध्ये. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडणारी जागा हीच. पारुळकरांना खात्री होती की हमीद आपल्याला पकडतील, आणि तेवढीच खात्री होती की ते आपल्याला मरू देणार नाहीत.

झाडांच्या अलीकडे

सागानचा बोगदाही असाच थोडक्यात चुकला. २४ मार्च १९४४च्या रात्री त्याचं तोंड उघडलं तर ते झाडीत नाही, झाडीच्या अलीकडे उघड्यावर. तरी ७६ जण निसटले आणि ७७वा पहारेकऱ्याला दिसला. घरी पोचले तिघेच, दोन नॉर्वेचे आणि एक डच. उरलेल्या ७३ जणांना पकडलं आणि हिटलरच्या हुकमानं त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. यात हसण्यासारखं काही नाही.

हसायचं असेल तर १९६३च्या ‘द ग्रेट एस्केप’ सिनेमाला हसा. त्यात स्टीव्ह मॅक्वीन मोटारसायकलवरून काटेरी कुंपणावर झेप घेतो. प्रत्यक्षात त्या रात्री मोटारसायकल नव्हती आणि एकही अमेरिकन बाहेर पडला नव्हता. त्यांना काही महिने आधीच दुसऱ्या आवारात हलवलं होतं. बोगद्याचं टोपणनाव मात्र खरं होतं, ‘हॅरी’. आणि हरीश सिंहजींना त्यांचे हवाई दलातले मित्र काय म्हणत? हॅरी!

आकाशातून पाय

डग्लस बेडर या ब्रिटिश वैमानिकाचे दोन्ही पाय १९३१च्या अपघातात गेले होते. कृत्रिम पायांवर तो पुन्हा विमान चालवायला लागला आणि ९ ऑगस्ट १९४१ रोजी उत्तर फ्रान्सवर त्याचं विमान पडलं. उडी मारताना उजवा पाय आत अडकला. बेडर खाली आला, पाय विमानाबरोबर गेला.

पुढचा भाग जर्मनांना शोभा देणारा आहे. त्यांनी निरोप पाठवला की एक विमान सुखरूप येऊ देऊ, पाय पाठवा. ब्रिटिशांनी पाय पाठवला, पण उपकार घेतले नाहीत. १९ ऑगस्टला बाँबफेकीला निघालेल्या विमानातूनच पॅराशूटला बांधलेली पेटी खाली टाकली आणि विमानं पुढे बाँब टाकायला गेली.

दरम्यान, जर्मनांनी मोडका पाय शोधून दुरुस्त करून दिला होता. त्याच पायावर बेडर इस्पितळाच्या खिडकीतून चादरींची गाठ मारून उतरला आणि पळाला! पुन्हा सापडला. पुढे त्याला कोल्डिट्झच्या किल्ल्यात ठेवलं. हा किल्ला म्हणजे वारंवार पळणाऱ्यांची खास छावणी. एवढे सगळे पळपुटे एका ठिकाणी ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली तो धन्य. तिथल्या कैद्यांनी माळ्यावर लपून चक्क एक ग्लायडर बांधलं. ते उडायच्या आतच १९४५च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य येऊन पोचलं.

सिगारेटी आणि वुडहाउस

२२ सप्टेंबर १९६५. युद्ध दुसऱ्या दिवशी थांबणार होतं आणि फ्लाइट लेफ्टनंट के. सी. करिअप्पा यांचं हंटर पाडलं गेलं. आडनाव ऐकून पलीकडे धावपळ झाली. वडील म्हणजे भारताचे पहिले भारतीय सरसेनापती, आणि फाळणीआधी त्यांच्या हाताखाली काम केलेले अयूब खान आता पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष. अयूब यांनी मुलाला सोडायची तयारी दाखवली. थोरल्या करिअप्पांचं उत्तर प्रसिद्ध आहे. सगळेच कैदी माझी मुलं आहेत, सोडायचं तर सगळ्यांना सोडा, असा त्याचा आशय.

कमी प्रसिद्ध आहे तो भाग धाकट्या करिअप्पांनीच सांगितलेला. इस्पितळात अयूब यांच्या कुटुंबातली माणसं त्यांना भेटायला आली. येताना सिगारेटी आणि पी. जी. वुडहाउसची एक कादंबरी घेऊन आली. जखमी शत्रूला काय न्यावं याचं इतकं नेमकं भान फार थोड्यांना असतं.

टक टक

व्हिएतनाम युद्धात हनोईच्या तुरुंगातल्या अमेरिकन वैमानिकांना बोलायची बंदी होती. मग ते भिंतीवर टकटक करून बोलत. पाच ओळी, पाच रकाने, त्यात इंग्रजी अक्षरं. आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. पाच गुणिले पाच पंचवीस आणि अक्षरं सव्वीस, म्हणून ‘के’ला काढून टाकलं आणि त्याचं काम ‘सी’वर सोपवलं. काही जणांची वर्षानुवर्षांची मैत्री अशी भिंतीच्या आरपार झाली आणि चेहरे नंतर दिसले.

वाघा आणि पुढे

लंडी कोटलहून फोन गेल्यावर रावळपिंडीत एकच धावाधाव झाली. पळालेल्यांना एकांतकोठडी मिळाली आणि मागे राहिलेल्यांचेही लाड संपले. सगळ्यांना तिथून हलवून लायलपूरच्या तुरुंगात, म्हणजे आजच्या फैसलाबादला, सैन्यातल्या इतर भारतीय कैद्यांबरोबर ठेवलं. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघ्याहून मायदेशी परतले. पारुळकर जवळजवळ वर्षभर कैदेत होते.

युद्धाच्या आधी त्यांनी आपल्या स्क्वाड्रनच्या प्रमुखांना सांगून ठेवलं होतं, की मी कधी पकडला गेलो तर बसून राहणार नाही, पळणार. १९६५च्या युद्धात त्यांच्या हाताला गोळी लागली होती आणि तशाही अवस्थेत त्यांनी विमान परत आणलं होतं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. पुढे ते ग्रुप कॅप्टन झाले, विशिष्ट सेवा पदकाचे मानकरी झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. तिघांच्या या पलायनावर इंग्रजीत पुस्तक आहे, सिनेमा आहे. मराठीत यावर एखादी जाडजूड कादंबरी सहज होईल. मालमसाला आयता आहे.

नंतरच्या वैमानिकांना कैद फार थोडी घडली. कारगिलच्या वेळी मिग-२७मधून उतरलेले नचिकेता २७ मे १९९९ला सापडले आणि ३ जूनला सुटले. २०१९मध्ये अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारीला पकडले गेले आणि १ मार्चच्या रात्री परतही आले. कैदेत त्यांनी चहाचं कौतुक केलं, तर त्या चहावर दोन्ही देशांत विनोद सुरू झाले. आणि इकडे आपल्या सलूनवाल्यांचा धंदा जोरात चालला. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, मोबाइलवर अभिनंदन यांचा फोटो दाखवायचं आणि म्हणायचं, मिशा अश्शा पाहिजेत.